सैल सांध्यांची मुलगी

लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच अंगठे मनगटाला टेकतात. शाळेत एकदा शेजारची मुलगी माझा अंगठा बघून किंचाळली, तेव्हा कळलं की तसं नसतं. मग मधल्या सुट्टीत तो खेळच झाला. मी करंगळी उलटी वळवून दाखवायचे, कोपर उलट्या बाजूला वाकवायचे, गुडघे न दुमडता दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकवायचे. मुली ‘ई’ करत डोळे झाकायच्या आणि बोटांच्या फटीतून पुन्हा बघायच्या. मला त्याचा अभिमान होता.

आमचं गाव माळशिरस तालुक्यात. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं आहेत, थोडी जिरायत आहे. मी आठवीतच आबांच्या खांद्याच्या वर गेले, आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी माझ्या हातात बास्केटबॉल दिला. दहावीनंतर खेळासाठी म्हणूनच मी सोलापूरला मामांकडे, शुक्रवार पेठेत राहायला आले. सकाळी सराव, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा सराव.

पाय मुरगळायचा. वर्षातून किती वेळा, ते मोजणं मी सोडून दिलं होतं. मामी हळद आणि तुरटीचा गरम लेप लावायची, मी क्रेप बँडेज गुंडाळायचे आणि सूज उतरली की पुन्हा मैदानावर. ‘नीट बघून चालत जा’ हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की शेवटी मलाही वाटायला लागलं, मी धांदरटच आहे. तुमच्या घरात अशी सारखी पाय मुरगळणारी मुलगी असेल, तर हे तिच्यासाठी लिहिते आहे. तिला ते वाक्य म्हणणाऱ्यांसाठीही.

काहीच न होता

राज्य संघाची निवड तोंडावर आली होती. त्या सकाळी कुणी मला ढकललं नाही, कुणाच्या पायावर माझा पाय पडला नाही. ओलं नव्हतं, खडा नव्हता. मी चेंडूचे टप्पे मारत पळत होते, डावीकडे वळले, आणि उजवा घोटा बाहेरच्या बाजूला पूर्ण आडवा झाला. आतून ‘टच्’ असा आवाज आला. तो मी कानांनी नाही, दातांत ऐकला असं वाटलं.

आमचे प्रशिक्षक सर धावत आले. ते सहसा आधी ओरडतात आणि मग चौकशी करतात. त्या दिवशी ओरडले नाहीत, तेव्हाच मी घाबरले.

“उठू नकोस,” ते म्हणाले. “सपाट जमिनीवर, काहीही न लागता जातोय तुझा पाय. आता नुसती पट्टी बांधून चालायचं नाही. डॉक्टरांना दाखवायचं.”

तपासणीचा दिवस

मामी माझ्याबरोबर आली होती. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, हाड मोडलेलं नाही म्हणाले. मामीने हात जोडले. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सुजलेला पाय बाजूला ठेवला आणि माझा हात हातात घेतला.

“अंगठा मनगटाला लागतो का बघू?”

लागला. मग करंगळी, मग कोपर, मग चांगल्या पायाचा गुडघा. माझे मधल्या सुट्टीतले सगळे खेळ त्यांनी एकापाठोपाठ एक करून घेतले, आणि मी कसनुसं हसत केले. ते हसत नव्हते.

“हाडांना हाडांशी बांधणारे जे बंध असतात, ते तुझ्या अंगात जन्मापासूनच सैल आहेत,” ते म्हणाले. “पुष्कळ लोकांचे असतात. बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. पण तू उड्या मारतेस, वळतेस, त्यामुळे घोट्याचे बंध पुन्हा पुन्हा ताणले गेले. आता एक अर्धा फाटलाय.”

“म्हणजे ही पडते ती हिच्या वेंधळेपणामुळे नाही?” मामीने विचारलं.

“अजिबात नाही.”

इथपर्यंत मला हलकंच वाटत होतं. मग त्यांनी माझे लांब हात, लांब बोटं पाहिली, मला उभं करून उंची घेतली आणि म्हणाले, “एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ. इको म्हणतात त्याला. इतक्या उंच आणि सैल सांध्यांच्या मुलामुलींत कधीकधी हृदयाकडेही बघावं लागतं. बहुतेक काही निघणार नाही. पण बघितल्याशिवाय मी तुला खेळायला सोडणार नाही.”

पायासाठी गेलेली मी हृदयाची चिठ्ठी घेऊन बाहेर आले. रिक्षात मामी माझा हात धरून बसली होती.

वाट बघणं

इकोची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. मधले दिवस मी मोबाईलवर नको ते वाचत बसले. मैदानात कोसळलेल्या खेळाडूंच्या बातम्या, मोठमोठ्या रोगांची नावं. प्रत्येक लक्षण मला माझंच वाटायचं. जिना चढताना छातीवर हात ठेवून मी ठोके ऐकत थांबायचे. तुम्ही त्या जागी असाल तर एवढं करा: मोबाईल घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. मामीने माझा अखेर काढूनच घेतला.

घरात तणाव वेगळाच होता. आई फोनवर रडायची. “आणा तिला घरी. काय करायचाय तो बॉल? पाय अधू झाला, आन् आता काळजाचं काडलंय. पोरगी जित्ती पायजे मला.” मागून आबांचा आवाज यायचा, “आगं, आधी बघू तर दे डाक्टरला.” मग दोघांचं जुंपायचं आणि फोन तसाच चालू राहायचा. मी इकडे फोन कानाला लावून ऐकत राहायचे. मला खेळायला पाठवायचा हट्ट आबांचा होता. आता प्रत्येक भांडणात तोच त्यांच्या अंगावर येत होता.

पायाला कडक पट्टा होता, खाली टेकवायची परवानगी नव्हती. मामीने मोरीत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. पाण्याची बादली ती हाताला येईल अशी भरून ठेवायची आणि दाराबाहेर उभी राहून उगाच भाजीच्या भावाबद्दल बोलत राहायची, म्हणजे मला एकटं वाटू नये. राज्य संघाची यादी लागली ते मला त्याच मोरीत, मामीने दाराबाहेरून सांगितलं तेव्हा कळलं. माझ्या जागी कोण गेलं तेही. मी नळ मोठा सोडला. मामी बाहेरून पुन्हा भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली, जरा मोठ्याने.

पडद्यावर

इकोच्या दिवशी आबा पहाटेच्या एसटीने आले. धुतलेलं धोतर, टोपी, आणि खांद्यावर घोंगडी. उन्हाळ्यातसुद्धा. दवाखान्यातल्या एसीत ती त्यांना बरी पडली.

इको करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला डाव्या कुशीवर झोपवलं. खोलीत अंधार केला होता. त्यांनी छातीवर गार जेल लावलं आणि यंत्राची दांडी टेकवली. आबांना बाहेर थांबा म्हणतील असं वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, “वडील ना? बसा तिथे स्टुलावर. दोघांनाही दिसेल.”

आणि दिसलं.

करड्या पडद्यावर काहीतरी हलत होतं. आधी मला काही कळेना. मग एकाएकी नजर बसली. हृदयाच्या झडपेचे दोन पातळ पडदे उघडत होते आणि मिटत होते. उघडत होते, मिटत होते. त्यांना कुणी सांगत नव्हतं. मी आठवडाभर भीतीने अर्धी झाले होते, झोपले नव्हते, जेवले नव्हते, आणि हे इथे आत आपलं काम करत होतं. मी जन्माला यायच्याही आधीपासून करत होतं. मी गणितात नापास झाले तेव्हा, पहिली बास्केट टाकली तेव्हा, मोरीत रडले तेव्हा. मी त्याच्याकडे कधी बघितलंही नव्हतं.

“हे हिचं हाय? आत्ताचं?” आबांनी विचारलं.

“आत्ताचं. बघा, तिने श्वास घेतला की थोडं सरकतं.”

डॉक्टरांनी एक बटण दाबलं आणि खोली आवाजाने भरली. पाटातून पाणी ढकलल्यासारखा, जोरकस, पुन्हा पुन्हा. पडद्यावर लाल-निळे रंग उसळायला लागले. ते माझं रक्त होतं.

आबा स्टुलावरून उठून उभे राहिले होते. टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते कळलं नव्हतं.

“मेंढराचं काळीज हातात धरलंय म्या,” ते हळू म्हणाले. “लई येळा. पर चालतं काळीज कसं आसतं, ते आज बघितलं.”

डॉक्टर बराच वेळ मापं घेत राहिल्या. मोठी रक्तवाहिनी, झडपा. मग त्यांनी खोलीतला दिवा लावला आणि म्हणाल्या, “अगदी छान आहे. काही काळजी नाही. सांधे सैल आहेत, हृदय नाही.” अशा सांध्यांबरोबर कधी डोळ्यांतही दोष असतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवून घ्या म्हणाल्या, ते पुढे दाखवलं, तेही ठीक निघालं.

आबांनी त्यांना नमस्कार केला. बाहेर आल्यावर आईला फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. “आई, काही नाही. चांगलं आहे सगळं.” पलीकडून नुसता आईचा श्वास ऐकू येत होता. तोही मला त्या दिवशी मोठा चमत्कार वाटला.

आबांचा खांदा

पायासाठी आता व्यायामाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. फिजिओथेरपिस्ट श्रीलता मॅडम बारीक अंगाच्या, भरभर बोलणाऱ्या. मराठीत बोलता बोलता फोन आला की तेलुगूत शिरायच्या आणि परत यायच्या. पहिली भेट इकोच्याच दुपारी होती, त्यामुळे आबाच बरोबर होते.

मॅडमनी आधी माझा चांगला, डावा पाय भिंतीपासून चार बोटांवर ठेवायला सांगितला. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. मला हसू आलं. सगळं अंग रबराचं असलेल्या मुलीला हे काय अवघड! पण गुडघा भिंतीला लागेचना. पुढे रेटला की टाच उचलली जायची.

“बघितलंस?” मॅडम म्हणाल्या. “अंगातला प्रत्येक सांधा हवा त्याहून जास्त वाकतो, आणि घोटा मात्र पुढे वाकत नाही. हाही पाय मुरगळतो ना अधूनमधून?”

“हो. पण मग हा असा का?”

“बंध सैल. सांधा सारखा निसटतोय. मग त्याला धरायचं कुणी? पोटरीच्या स्नायूंनी धरलं. घट्ट आवळून बसलेत ते, कितीतरी वर्षं. तुला राखत होते. पण असं आखडलेल्या घोट्यावर उडी मारून उतरलं की तो पुढे वाकू शकत नाही, मग बाजूला पडतो.”

मी माझ्या पोटरीला हात लावला. दगडासारखी होती. मी तिला मजबूत समजत होते. ती थकलेली होती. मला न विचारता, मला न सांगता तिने हे काम अंगावर घेतलं होतं.

“हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं,” मॅडमनी पुढे विचारलं. “घरात आणखी कुणाचे सांधे असे आहेत का?”

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आबांनी लाजत लाजत डावा अंगठा वाकवला आणि मनगटाला टेकवला. मी आयुष्यात कधी ते बघितलं नव्हतं.

“आबा!”

“पोरपणी करायचो,” ते म्हणाले. “मोठ्या मान्सानं काय करायचं आसलं.”

मॅडमनी त्यांची कोपरं बघितली, बोटं बघितली. मग खांद्याला हात लावला, तसे आबा एकदम मागे सरले.

“खांदा कधी निसटला होता का?”

आबांनी टोपी सारखी केली. मग जमिनीकडे बघत सांगितलं. ते तालमीत जायचे, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचं आईलासुद्धा त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं. जत्रेतली कुस्ती होती, सारं गाव बघत होतं. समोरच्याने हात ओढला आणि खांदा निसटला. हात लुळा पडला, कुस्ती गेली. कुणीतरी बसवला, तर पुढच्या फडात पुन्हा तेच. मग लोक म्हणायला लागले की हा कुस्ती अंगावर आली की हात सोडतो, मातीला भितो. वस्ताद काही म्हणाले नाहीत, पण पुन्हा त्यांना फडात उतरवलं नाही.

“म्याबी म्हनलं, आसंल,” आबा म्हणाले. “मनातनं भ्यालो आसंन. त्याबिगर गड्याचा हात आसा कसा सुटंल?”

श्रीलता मॅडम त्यांच्या समोर खाली बसल्या. “काका, तुमच्या मुलीचा घोटा जसा जातो, तसाच तुमचा खांदा गेला. खांद्याला धरणारे बंध सैल होते. त्यात भिण्याचा काही संबंध नाही.”

“म्हंजे म्या भ्यालो न्हवतो?”

“नाही हो.”

आबा उठले आणि तोंड धुऊन येतो म्हणून बाहेर गेले. खूप वेळाने आले. टोपीची कड ओली होती.

परतताना रिक्षात त्यांनी आईला फोन लावला. माझ्या पायाचं सांगायच्या आधी त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं. “आगं, म्या त्या कुस्तीत भ्यालो न्हवतो. डाक्टरनी सांगितलं. खांदाच तसा हाय.”

फोन मोठ्या आवाजावर होता. आई म्हणाली, “मला कवा वाटलं हुतं का तसं? तुमी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की.”

मग म्हणाली, “पोरीचा पाय नीट झाल्याबिगर मैदानात सोडायचं न्हाय.” आबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. कारण त्या वाक्यात ‘नीट झाल्यावर सोडायचं’ हेही होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं होतं.

एका पायावर

नंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत, कारण रोज तेच होतं. पोटरी सैल करायची, घोट्याभोवतीचे स्नायू बळकट करायचे, रबरी पट्टा पायाने ओढायचा. आणि एका पायावर उभं राहायचं. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग सोलापुरी चादरीची जाड घडी करून तिच्यावर. मामीकडे चादरींना तोटा नव्हता.

पहिल्यांदा डोळे मिटून उभी राहिले तेव्हा लगेच कपाटाला धरावं लागलं. मॅडमना सांगितलं, पाय नुसता थरथरतो.

“थरथरू दे. तोच तर बोलतोय,” त्या म्हणाल्या. “बंधांमध्ये, स्नायूंमध्ये बारीक नसा असतात. अंग कुठे झुकतंय ते मेंदूला सांगतात आणि मेंदू पायाला हुकूम पाठवतो. तुला विचार करायला वेळ लागतो, त्यांना नाही. मुरगळून मुरगळून त्यांचं बोलणं बिघडलं होतं, ते आपण परत शिकवतोय.”

त्या दिवसापासून मी ते मन लावून ऐकायला लागले. डोळे मिटले की सगळं लक्ष पायात उतरायचं. अंगठ्याचा बुंधा दाबायचा, टाच सावरायची, करंगळीच्या कडेकडून काहीतरी यायचं आणि त्याला आतून उत्तर जायचं. अठरा वर्षं मी त्या पायावर चालत आले होते आणि त्यात एवढी वर्दळ आहे हे मला माहीत नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तशी मी त्या वेळी गप्प होत असे.

एकदा सगळं फिसकटलं. पट्टा निघाला होता, मी चालत होते, आणि घराच्या पायरीवर पाय पुन्हा गेला. फार नाही, पण गेला. मी पायरीवरच बसले आणि मोठ्याने रडले. आता नको मला काही, म्हटलं. मामी शेजारी येऊन बसली. तिने समजूत घातली नाही. थोड्या वेळाने उठली, पदर खोचला आणि एका पायावर उभी राहिली. लगेच तोल जाऊन भिंतीवर आदळली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हे तर लईच अवघड आहे की गं!”

मी रडता रडता हसले. त्यानंतर मामी रोज सकाळी दात घासताना एका पायावर उभी राहते. अजूनही.

सांधे सैलच आहेत, ते बदलणार नाहीत. मॅडमनी ते पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं. अंगठे वाकवून दाखवणं मी बंद केलं आहे. थकले की सांधे दुखतात, तेव्हा थांबते. खेळताना घोट्याला आधाराचा पट्टा बांधते. व्यायाम एक आठवडा सोडला की घोटा लगेच कुरकुरतो.

पंचांची शिट्टी

हाडांचे डॉक्टर आणि मॅडम दोघांनीही हो म्हटल्यावर मी कॉलेजकडून पहिला सामना खेळले. राज्य संघ नव्हे, शहरातल्या कॉलेजांची साधी स्पर्धा. आबा माझा खेळ बघायला पहिल्यांदाच आले होते. बाकड्यावर सरांच्या मागे बसले होते, घोंगडी मांडीवर.

उत्तरार्धात आमचा एक चेंडू कड्याला लागून परत आला. बास्केटखाली गर्दी होती. मी उडी मारली, चेंडू दोन्ही हातांत आला, आणि खाली उतरताना उजवा पाय समोरच्या मुलीच्या बुटावर पडला. पाय बाहेर कलंडला. मला कळलं. तो कोन मला पाठ आहे.

आणि पाय परत सरळ आला. मी काही केलं नाही. भीती वाटायलाही वेळ नव्हता. पोटरीच्या कडेने काहीतरी सळकन ओढलं गेलं, टाच जमिनीवर बसली, गुडघा वाकला आणि मी दोन्ही पायांवर उभी होते.

मी खाली बघत राहिले. माझा बूट, पांढरी नाडी, मैदानावरची रेघ. सगळं जागच्या जागी. चेंडू हातात होता, सगळे ओरडत होते, सर तर बाकड्यावरून उठून दोन्ही हात हलवत होते. मला काहीच ऐकू आलं नाही, पंचांची शिट्टी सोडून. समोरच्या संघाच्या बास्केटखाली तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. चेंडू समोरच्या संघाला गेला.

तो सामना आम्ही थोडक्यात हरलो. सर बोलायचं ते बोलले. मी घाम पुसत आबांजवळ जाऊन बसले.

“ती शिट्टी कशापायी वाजिवली गं त्यानं?” आबांनी विचारलं. “तू तर काय केलं न्हाय.”

“म्हणूनच. चेंडू घेऊन नुसती थांबले.”

“का थांबलीस?”

“पाय मुरगळत होता आबा. आणि आपला आपण सरळ झाला. तेच बघत राहिले.”

आबा माझ्या पायाकडे बघत बसले. मग सरांच्या पाठीकडे बघून, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “मग काय चुकलं? आसलं दिसल्यावर थांबायलाच पायजे की.”